इमान, निष्ठा आणि 'लॉयल्टी': कारखान्याच्या फाटकातून आलेले शब्द

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतर आकुर्डी, भोसरी, निगडी असे करत करत ही वसाहत चाकणपर्यंत पोहोचली. या प्रवासात मराठी बोलीत जे इंग्रजी शब्द आले, ते शाळेपेक्षा कारखान्याच्या फाटकातून अधिक आले. लेथ, जॉब, शिफ्ट, ओव्हरटाइम हे वस्तूंचे आणि व्यवहाराचे शब्द असल्यामुळे मराठीने ते फारशी कुरकुर न करता पचवले, कारण वस्तूचा शब्द वस्तू दाखवून समजावता येतो. परंतु त्याच फाटकातून 'लॉयल्टी', 'डेडिकेशन', 'कमिटमेंट', 'गुड फेथ' अशी मनोवृत्तीची नावेही आत आली आणि ती दाखवायची कशी, हा प्रश्न मात्र सुटला नाही. नोटीस बोर्डावर, वार्षिक अहवालात आणि सेवानिवृत्तीच्या निरोपसमारंभात या सगळ्यांसाठी 'निष्ठा' हा एकच मराठी शब्द वापरण्याचा प्रघात पडला. या प्रघाताने दुहेरी नुकसान झाले आहे: इंग्रजी शब्दांच्या छटा पुसल्या गेल्या आहेत आणि मराठीतील 'निष्ठा' हा भारदस्त शब्द स्वस्त झाला आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी, की इंग्रजीतील यांपैकी बहुतेक शब्दांच्या पोटात मुळात दोन पक्ष आहेत, आणि मराठीत आणताना त्यांतील दुसरा पक्ष वाटेतच गळून पडला आहे.

'लॉयल' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ लॅटिन 'लेगालिस' म्हणजे कायद्याला धरून असलेला, हे आहे. 'लीगल' आणि 'लॉयल' हे एकाच मुळाचे दोन फुटवे. एक कोर्टात गेला, दुसरा दरबारात. त्यामुळे 'लॉयल्टी' ही मूलतः भावना नसून ठरलेल्या नात्याचे ठरलेले पालन आहे, आणि नियम दोन्ही बाजूंना लागू असल्याशिवाय नियमपालनाला अर्थ नसतो. 'अलिजन्स' या शब्दात 'लीज' म्हणजे सरंजामी धनी आहे (एमआयडीसीच्या भूखंडांच्या पंच्याण्णव वर्षांच्या लीजशी त्याचा संबंध नाही, जरी काही उद्योजकांना तो असावासा वाटेल). धन्याने संरक्षण द्यायचे आणि मांडलिकाने सेवा द्यायची, या बोलीवर ते नाते उभे असे. 'होमेज' या शब्दात तर 'ऑम' म्हणजे माणूस हा शब्दच आहे: मांडलिक गुडघे टेकून आपले जोडलेले हात धन्याच्या दोन्ही हातांत देई आणि 'तुमचा माणूस' होई. मराठीत 'तो आपला माणूस आहे' असे म्हणताना हीच कल्पना आपोआप येते, फरक एवढाच की मराठीत ती प्रायः ओळखीने काम करून घेताना येते.

या सरंजामी शब्दांना मराठीत प्रतिशब्द शोधायचे, तर ते संस्कृत कोशात नव्हे, इतिहासातील व्यवहारात सापडतात. बेलाचे पान आणि खंडोबाचा भंडारा हातात घेऊन शपथ वाहण्याला 'बेलभंडार उचलणे' म्हणत. ही 'अलिजन्स'ची मराठी क्रिया होय. आकुर्डीच्या खंडोबा माळावरून रोज शिफ्टला जाणाऱ्या माणसाला तिचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. चाकणच्या संग्रामदुर्गाचे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांचे उदाहरण येथे विशेष उपयोगी पडते, कारण त्यांच्या चरित्रात 'अलिजन्स' आणि 'लॉयल्टी' या दोन छटा वेगवेगळ्या दिसतात. शिवाजी महाराजांच्या उद्योगाच्या आरंभीच्या वर्षांत फिरंगोजी किल्ल्यासह त्यांच्या पक्षात आले. म्हणजे त्यांनी आपली 'अलिजन्स' बदलली, आणि त्यात कोणी कमीपणा पाहिला नाही. पुढे १६६० मध्ये शायिस्ताखानाने चाकणला वेढा घातला तेव्हा तुटपुंज्या शिबंदीनिशी त्यांनी तो भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. अखेर सुरुंगाने बुरूज उडून किल्ला पडल्यावर खानाने देऊ केलेली मोगली चाकरी त्यांनी नाकारली, असे परंपरा सांगते. हे नाकारणे म्हणजे 'लॉयल्टी'. पहिली गोष्ट पक्षाची, दुसरी शब्द पाळण्याची. पहिलीत माणूस कोणाचा आहे हे ठरते. ठरलेले नाते जड झाल्यावर तो काय करतो, हे दुसरीत कळते. या दुसरीला जुना मराठी शब्द 'इमान'.

'इमान' हा शब्द अरबीतून आला. त्याच्या धातूत सुरक्षितपणा, निर्धास्तपणा हा अर्थ आहे आणि 'अमानत', 'अमीन' हे शब्दही त्याच कुळातले. एखाद्याने ठेव विश्वासाने हाती द्यावी आणि दुसऱ्याने ती जशीच्या तशी परत करावी, असे चित्र त्यात दडलेले आहे. ठेवणारा नसेल तर इमानाला जागाच नाही. 'निष्ठा' या शब्दाची जात निराळी. 'स्था' म्हणजे उभे राहणे. 'निष्ठा' म्हणजे एखाद्या ठिकाणी पक्के उभे असणे. इंग्रजी 'स्टेडफास्ट' आणि 'कॉन्स्टन्सी' या दोन्ही शब्दांत हाच उभे राहण्याचा प्राचीन धातू आहे, म्हणून 'निष्ठा' हा 'कॉन्स्टन्सी'चा चोख प्रतिशब्द ठरतो, 'लॉयल्टी'चा नव्हे. निष्ठा तत्त्वावर, विद्येवर, कामावर असू शकते. तिला समोरच्या माणसाच्या उत्तराची गरज नसते. इमानाला ती असते. म्हणूनच मालकाने बेइमानी केली, असे मराठी माणूस सहज म्हणतो, पण मालकाने 'निष्ठा सोडली' असे त्याच्या तोंडी येत नाही.

येथे थोडे थांबून एका साध्या इंग्रजी शब्दाकडे पाहणे आवश्यक आहे, कारण तो या पट्ट्यात रोज हजारो वेळा उच्चारला जातो आणि त्याच्या वंशाची कोणाला कल्पना नसते. भोसरीतील एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर फोर-जॉ चकमध्ये जॉब धरतो, मॅग्नेटिक स्टँडवर डायल लावतो आणि चक हाताने सावकाश फिरवतो. काटा एका बाजूला झुकला की समोरचा जॉ किंचित सैल करायचा, हा आवळायचा. पुन्हा फिरवायचे, पुन्हा पाहायचे. असे करता करता पूर्ण फेऱ्यात काटा जवळजवळ हलेनासा झाला, की तो म्हणतो, जॉब ट्रू झाला. हा 'ट्रू' शब्द जुन्या इंग्रजीत 'खरा' या अर्थाचा नव्हता. त्याचा पहिला अर्थ 'इमानी', दिल्या शब्दाला पक्का असा होता. 'ट्रस्ट' म्हणजे विश्वास, 'ट्रोथ' म्हणजे आणभाक, 'ट्रूस' म्हणजे तह, हे सगळे त्याचेच भाऊबंद. विधान वस्तुस्थितीशी जुळते म्हणून 'ट्रू', आणि जॉब मशीनच्या अक्षाशी जुळतो म्हणूनही 'ट्रू', हे अर्थ मागाहून आले. टर्नरच्या कृतीत या कुळाचा मूळ स्वभाव स्पष्ट दिसतो: जॉब ट्रू करण्यासाठी जॉबला दटावून चालत नाही, चारही जॉ सारखे बसवावे लागतात, आणि एकच जॉ आवळत राहिले तर जॉब अधिकच बाहेर जातो. 'स्टॉन्च' हा असाच दुसरा शब्द. आज तो कट्टर समर्थकासाठी वापरला जातो, पण त्याचा मूळ अर्थ पाणी आत न येऊ देणारा, गळती नसलेला असा आहे. कास्टिंगमध्ये हवेचा दाब भरून ते पाण्यात बुडवणारा आणि बुडबुडे मोजणारा चाकणचा लीक-टेस्ट ऑपरेटर शब्दशः 'स्टॉन्चनेस' तपासत असतो.

भक्तीच्या बाजूचे शब्द मात्र इतके सरळ नाहीत. 'डिव्होशन' या शब्दाचा 'देव' या शब्दाशी कानाला वाटतो तसा संबंध नाही. त्याचे मूळ लॅटिन 'वोटुम', म्हणजे नवस. नवस बोलून स्वतःला वाहून टाकणे ही त्यातील कल्पना. 'व्होट' म्हणजे मत हाही शब्द याच 'वोटुम'चा, त्यामुळे मतदान म्हणजे मूलतः नवसच; महापालिकेच्या निवडणुकांचा अनुभव असलेल्या नागरिकांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. 'डेडिकेशन' म्हणजे देवाला किंवा कार्याला जाहीरपणे अर्पण करणे. दोहोंतही माणूस स्वतःला देऊन टाकतो. याउलट संस्कृत-मराठी 'भक्ती' हा शब्द 'भज्' धातूपासून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ वाटणे, वाट्याला येणे, वाटा घेणे असा आहे. 'भाग', 'विभक्त' हे त्याचेच शब्द. इतकेच नव्हे, तर ताटातला 'भात'ही 'भक्त' या शब्दापासून, म्हणजे वाट्याला आलेले अन्न या अर्थाने आला आहे. म्हणजे 'डिव्होशन'मध्ये माणूस दिला जातो आणि 'भक्ती'मध्ये तो वाटेकरी होतो. एकाच्या जागी दुसरा शब्द बसवला की या भेदावर पाणी पडते.

हा भेद या भूमीला परका नाही. चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावी यांची समाधी आहे आणि तेथून मोरगावच्या मयूरेश्वराला भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी जाते. गणपतीच्या जयघोषात देवाच्या नावाला जोडून या भक्ताचे नाव घेतले जाते, ही वाटेकरीपणाची याहून ठळक खूण कोणती असणार? तुकोबांची पालखी देहूहून निघून निगडीमार्गे आकुर्डीला मुक्कामी येते आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यांच्या भिंतींना लागून पुण्याकडे जाते. त्या दोन दिवसांत फर्स्ट शिफ्ट सुटलेली माणसे गणवेशातच रस्त्याकडेला पाण्याची पिंपे घेऊन उभी असतात; काही जण रजा टाकून पुढे चालू लागतात. त्यांना 'डिव्होटेड' म्हणणे चूक नाही, पण अपुरे आहे, कारण वारीत नवस फेडण्याचा भाग थोडा आणि नेमाचा भाग मोठा. वारी चुकू न देणे याला 'कॉन्स्टन्सी' हा शब्द जवळचा, आणि मराठीत त्याला 'नेम' म्हणतात. दसऱ्याला मशीन रॉकेलने पुसून, चकला हळदकुंकू लावून, टूलपोस्टला झेंडूची माळ घालणाऱ्या कामगाराची वृत्तीही 'डेडिकेशन'च्या खात्यात टाकता येत नाही. तो मशीनला काही अर्पण करत नसतो. वर्षभर ज्याच्या जिवावर खाल्ले त्याला त्याचा वाटा देत असतो.

'लॉयल्टी' हा शब्द एकतर्फी कसा होतो, याचा महाराष्ट्रातील सर्वांत बोलका दाखला कारखान्यातला नसून कोर्टातला आहे, आणि त्याचा एक धागा चिंचवडशी जोडलेला आहे. २२ जून १८९७ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, मूळचे चिंचवडचे असलेल्या चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच्या आठवडाभर आधी 'केसरी'त प्रसिद्ध झालेल्या मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर दंड संहितेच्या १२४-अ या कलमाखाली खटला भरला गेला. कलमात शब्द होता 'डिसअफेक्शन'. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावताना त्याचा अर्थ 'अफेक्शन'चा म्हणजे प्रेमाचा अभाव असा लावला आणि सर्व प्रकारचा दुर्भाव सामावून घेणारा शब्द म्हणून 'डिसलॉयल्टी' सुचवला. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी दोषी आणि तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष असा कौल दिला, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कायदा दुरुस्त करून 'डिसअफेक्शन'मध्ये 'डिसलॉयल्टी'चा समावेश होतो असे स्पष्टीकरण कलमातच घालण्यात आले. शब्दार्थाच्या दृष्टीने ही उलथापालथ विलक्षण आहे: ज्या शब्दाचा जन्म कायद्यातून, म्हणजे दोन्ही बाजूंनी पाळावयाच्या नियमातून झाला, त्याला प्रेम या एका बाजूच्या भावनेशी बांधून ती भावना नसणे हाच गुन्हा ठरवला गेला. मराठी कायद्याच्या भाषेत 'डिसअफेक्शन'ला 'अप्रीती' म्हटले गेले. भाषांतर अचूक आहे, आणि अचूक असल्यामुळेच हास्यास्पद वाटते.

सरकारने केले तेच पुढे व्यवस्थापनांनी केले. संपाच्या काळात कामावर येणाऱ्याला 'लॉयल वर्कर' म्हणण्याची रीत भारतात दृढ आहे; मे १९७४ च्या रेल्वे संपानंतर तर कामावर राहिलेल्यांना 'लॉयल' ठरवून बक्षिसी देण्यात आली. १९८९ च्या सप्टेंबरात टेल्को या वाहन कंपनीच्या कामगारांनी पुण्यात शनिवारवाड्यापाशी उपोषण केले, तेव्हाही कामगार दोन संघटनांत विभागले गेले होते आणि पिंपरीतल्या चाळी-सोसायट्यांत कोण कोणाशी इमानी, हा प्रश्न शेजाऱ्याशेजाऱ्यांत उभा राहिला होता. त्या लढ्याच्या गुणदोषांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या शब्दाची जी मांडणी केली, ती मात्र येथे नीट लागू पडते. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात: बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. 'लॉयल्टी' म्हणजे बाहेर पडण्याला बांध घालून आवाजाला वेळ मिळवून देणारी गोष्ट. या व्याख्येने पाहिले, तर फाटकावर घोषणा देणारा वीस वर्षांचा जुना कामगार हा 'डिसलॉयल' नसून सर्वांत 'लॉयल' ठरतो. कारण तो सोडून गेलेला नाही, आणि काही सुधारेल असे त्याला अजून वाटते. जो न बोलता शेजारच्या कंपनीत पाचशे रुपये जास्तीवर निघून जातो, त्याला कोणीच बेइमान म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण त्याच्याकडे कोणी काही ठेवलेलेच नव्हते.

हे शेवटचे वाक्य चाकणच्या आजच्या स्थितीला अधिक लागू आहे. औद्योगिक विवाद कायद्याने बारा महिन्यांतील २४० दिवसांचे काम ही एक वर्षाची अखंड सेवा मानली, आणि त्या आकड्याला पोहोचू न देण्यासाठी 'सात महिन्यांचा ब्रेक' हा शब्दप्रयोग या पट्ट्यातील प्रत्येक खोलीत, जेथे तिघे-चौघे तरुण पाळीपाळीने एकच गादी वापरतात, रुळला. 'लागलाय सात महिन्यांवर' हे वाक्य ऐकणाऱ्याला अधिक काही विचारावे लागत नाही. त्याच मुलाला इंडक्शनच्या पहिल्या दिवशी 'कमिटमेंट'वर एक तासाचे व्याख्यान मिळते. 'कमिट' म्हणजे एकत्र ठेवणे, सोपवणे. मराठीत त्यासाठी घडवलेला 'बांधिलकी' हा शब्द गोड आहे, आणि त्यातील 'बांध' व इंग्रजी 'बाँड' एकाच प्राचीन धातूचे आहेत. पण एका बाजूने सात महिन्यांत सुटणारी आणि दुसऱ्या बाजूने न सुटणारी अशी बांधिलकी कोणत्याच भाषेत बसत नाही. अलीकडे 'एम्प्लॉयी एंगेजमेंट' हा शब्द आला आहे. मराठी कानाला त्यात प्रथम साखरपुडा ऐकू येतो, आणि कान चुकत नाही, कारण 'गेज' म्हणजे तारण, वचनापोटी ठेवलेली वस्तू. गंमत अशी की 'वेज' म्हणजे मजुरी हा शब्द याच 'गेज'चा जुळा भाऊ आहे. तेव्हा वेतन करार तीन-तीन वर्षे लोंबत ठेवून शुक्रवारी दुपारी रस्सीखेच आणि केक यांनी 'एंगेजमेंट' साधू पाहणे म्हणजे एका भावाला उपाशी ठेवून दुसऱ्याचे लग्न लावण्यासारखे आहे.

'सॅलरी' या शब्दात लॅटिन 'साल', म्हणजे मीठ आहे. रोमन शिपायांना पगार मिठाच्या रूपात मिळे, ही लोकप्रिय कथा अभ्यासक जशीच्या तशी मानत नाहीत, पण शब्दातले मीठ निर्विवाद आहे. मराठीत 'खाल्ल्या मिठाला जागणे' असे म्हणतात. या वाक्प्रचारातील क्रम महत्त्वाचा आहे: आधी मीठ खाल्लेले असावे लागते, जागणे नंतर. १९७२ च्या कायद्याने पाच वर्षांच्या अखंड सेवेनंतर दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी जी रक्कम कामगाराला मिळू लागली, तिचे नाव 'ग्रॅच्युइटी', म्हणजे कृतज्ञतेच्याच कुळातला शब्द. आणि ही कृतज्ञता मालकाने कामगाराप्रती दाखवायची आहे. 'वेज' आणि 'सॅलरी' सोडले, तर निष्ठेच्या सबंध इंग्रजी शब्दकुळात कामगाराच्या हाती प्रत्यक्ष पैसे देणारा हा एवढाच शब्द, आणि मराठीत त्याला 'उपदान' असे कोरडे नाव मिळाल्यामुळे त्यातील कृतज्ञता कोणालाच दिसत नाही.

१९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने असे बंधन घातले, की कारखान्याच्या सेवाशर्ती इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावल्या पाहिजेत. या पट्ट्यात ती भाषा दीर्घकाळ मराठी राहिली आहे. फलकावरचा तो मराठी मजकूर बहुधा एखादा कनिष्ठ अधिकारी किंवा बाहेरचा भाषांतरकार दोन दिवसांत उरकतो आणि 'लॉयल्टी', 'गुड फेथ', 'फिडेलिटी', 'कॉन्फिडन्स' यांपैकी जे समोर येईल त्याला 'निष्ठा' किंवा 'विश्वास' लावून मोकळा होतो. पुढे बडतर्फीच्या प्रकरणात 'लॉस ऑफ कॉन्फिडन्स' म्हणजे विश्वास गमावला, एवढ्या एका शब्दावर कोणाची नोकरी जाते, तेव्हा तो विश्वास कोणी कोणावर ठेवला होता, हे मराठी मजकुरातून कळले पाहिजे. यापुढे ज्यांच्या हातून असे फलक लिहिले जातील, त्यांना एवढीच विनंती आहे, की 'निष्ठा' हा शब्द कामासाठी राखून ठेवावा, आणि जेथे दोन पक्षांची गोष्ट असेल तेथे 'इमान' लिहावे व ते दोन्ही पक्षांच्या नावापुढे लिहावे.